ताई, लग्नाआधी बिकिनी वॅक्स करू का?

प्रश्न : ताई, मी २६ वर्षांची. लग्न तीन आठवड्यांवर आलंय. पार्लरवालीने ब्रायडल पॅकेजमध्ये बिकिनी वॅक्सही धरलंय. मागच्या वेळी मला जांघेत पुळ्या आल्या होत्या, एक तर गाठीसारखी ठणकत होती. मावसबहीण म्हणते, तिथले केस म्हणजे अस्वच्छता. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्याही चालू आहेत. काय करू?

उत्तर : अगं, गोळ्यांचं तू जाता जाता लिहिलंस, पण मी तिथेच थांबले. या गोळ्यांनी कातडी फार नाजूक होते. वॅक्सची पट्टी ओढली की केसांबरोबर सालही निघते आणि डाग राहतात. म्हणून गोळ्या चालू असताना आणि बंद केल्यावरही किमान ६ महिने वॅक्सिंग नको. हातापायांचं नको, ओठावरचंही नको.

याहून मोठी गोष्ट म्हणजे तुझं लग्न होतंय. या गोळ्या चालू असताना दिवस गेले तर बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. शेवटच्या गोळीनंतरही निदान १ महिना दिवस राहता कामा नयेत. लाजू नकोस. याच आठवड्यात त्वचेच्या डॉक्टरांना लग्नाची तारीख सांग, गर्भनिरोधनाचं नीट विचारून घे आणि होणाऱ्या नवऱ्यालाही हे कळू दे.

आता मावसबहिणीचं. केस म्हणजे घाण नव्हे गं. तिथल्या कोवळ्या कातडीला ते घर्षणापासून जपतात, आणि स्वच्छता रोजच्या अंघोळीने होते. उलट केस मुळापासून उपटला की तिथे बारीक जखम होते, जंतूंना वाट मिळते. पुढच्या वेळी पार्लरमध्ये वॅक्सच्या डब्याकडे बघ. एकीच्या अंगावर फिरलेली सुरी पुन्हा त्याच डब्यात बुडते, आणि अंगाला सोसेल इतपतच तापवलेल्या वॅक्समध्ये जंतू मरतीलच असं नाही. तुझ्या पुळ्या अशाच आल्या असतील, नाहीतर केस कातडीच्या आत वळून वाढला असेल. पुन्हा गाठ आली तर दाबून फोडू नकोस. लाली पसरली किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

केस नकोसेच वाटत असतील तर ते ट्रिमरने बारीक कर. ट्रिमर मात्र स्वतःचा हवा. केस काढायचं क्रीम तिथे लावू नकोस, भाजल्यासारखं होतं. लेझरचा विषय डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढूच नकोस.

पार्लरवालीला आजच फोन कर. वॅक्स पॅकेजमधून काढायला सांग, आणि पील (कातडीचा वरचा थर काढणारा रासायनिक लेप) धरलं असेल तर तेही. आगाऊ पैसे दिले असतील तर त्याऐवजी मेंदी मागून घे.