सिगारेट एकदम सोडली तर बाळाला धक्का बसेल?

"एकदम बंद नाही ना करायची? शरीराला सवय असते, अचानक तोडली तर बाळाला धक्का बसतो म्हणतात."

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच तिने हे विचारलं. गरोदर बायकांना सिगारेट सोडायला मदत करणं हे माझं रोजचं काम, आणि आठवड्यातून एकदा तरी हा प्रश्न कानावर येतोच. कधी मैत्रिणीने सांगितलेलं असतं, कधी घरातल्या मोठ्या माणसाने. क्वचित एखादे डॉक्टरही 'हळूहळू कमी करा' म्हणून मोकळे होतात. तिची परवानगी घेऊन आणि ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून तिची गोष्ट सांगते, कारण तो प्रश्न तिने विचारला तसाच बहुतेकजणी विचारतात.

पहिलटकरीण. पाळी तशीही मागेपुढे व्हायची, त्यामुळे तीन आठवडे चुकली तरी तिने मनावर घेतलं नाही. टेस्ट केली तेव्हा सात आठवडे भरलेले. त्या दिवसापर्यंत रोज आठ सिगारेटी. टेस्टनंतर तिने स्वतःच आठवरून तीनवर आणल्या आणि आठव्या आठवड्यात माझ्याकडे आली. मी 'तुम्ही' म्हणायला लागले तर म्हणाली, "अहो-जाहो नका करू, आधीच खूप अपराधी वाटतंय, त्यात तुम्ही परक्यासारखं बोलायला लागलात तर उठून जाईन मी." मग 'तू'वर आले.

मी तिला विचारलं, "रात्री किती तास झोपतेस?"

"सात-आठ. का?"

"मध्ये उठून ओढतेस?"

"नाही."

"म्हणजे रोज रात्री एकदम सोडतेसच की!"

निकोटिनचं गणित असं आहे: रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. गरोदरपणात शरीर त्याचा निचरा आणखी लवकर करतं. आठ तासांच्या झोपेनंतर सकाळी उठते तेव्हा तिच्या रक्तात नावालाच काहीतरी उरलेलं असतं. बाळ रोज रात्री ह्या 'धक्क्या'तून जातं आणि त्याला काही होत नाही. होतं ते आईला. तिची चिडचिड, तिचं डोकं जड, तिचा जीव कासावीस. एकदम सोडल्यामुळे गर्भपात होतो किंवा बाळाला इजा होते, याला कसलाही आधार नाही. खरा धक्का सकाळच्या पहिल्या झुरक्याचा. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, वारेकडे, म्हणजे बाळाला पोसणाऱ्या प्लासेंटाकडे, जाणारं रक्त कमी होतं, आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात शिरतो. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो आणि वार ओलांडून बाळाच्या रक्तात जातो. तिथे त्याची पकड आईच्या रक्तापेक्षाही पक्की असते.

ती गप्प बसली. मग म्हणाली, "पण तीनवर आणल्यात ना मी."

माझ्या टेबलावर एक छोटं यंत्र असतं. खोल श्वास घेऊन पंधरा सेकंद रोखायचा आणि नळीतून सावकाश सोडायचा. श्वासात कार्बन मोनॉक्साइड किती आहे तो आकडा दिसतो. गरोदर बाईच्या बाबतीत चार किंवा वर आला की आम्ही धूर शरीरात जातोय असं धरून बोलतो. तिचा आला अकरा. शेवटची सिगारेट तासाभरापूर्वीची होती हे खरं, तरी तिला तो आकडा लागला. "तीनच ओढते हो मी, खोटं नाही बोलत."

मला माहीत होतं ती खोटं बोलत नाहीये. टेबलावरची पेन्सिल तिच्या हातात दिली. "कशी ओढतेस ते दाखव." तिने पेन्सिल ओठांत धरली, डोळे मिटले आणि असा काही श्वास आत घेतला की खांदे वर गेले. तो आत कोंडून धरला. थोड्या वेळाने तिच्याच लक्षात आलं. "आधी अशी नव्हते ओढत मी. आता थोटकापर्यंत ओढते."

कमी करण्याची गोम ही आहे. शरीराला ठरावीक निकोटिन हवं असतं, संख्या घटवली की झुरका लांबतो, खोल जातो, थोटूक आखूड होतं. आकड्यात आठाचे तीन होतात, धुरात होत नाहीत. शिवाय तीन राहिल्या की त्या तिन्ही सोन्याच्या होतात. दिवसभर त्यांचीच वाट पाहायची! हळूहळू कमी करून पुढच्या आठवड्यातली तारीख ठरवून थांबणाऱ्या बायका मी पाहिल्यात, पण तारीख नसलेलं 'हळूहळू' बाळंतपणापर्यंत चालतं.

मग तिने पर्समधून फोन काढला आणि कॅल्क्युलेटर उघडून माझ्यासमोर धरला. ३९२. "सात आठवडे, रोजच्या आठ. इतक्या दिल्यात मी त्याला."

अशा वेळी तोंडातून काय निघतं याला मी फार जपते. काही वर्षांपूर्वी एका बाईला मी लहान, अशक्त बाळाचा फोटो दाखवला होता, भीती वाटली तर सोडेल अशा समजुतीने. ती परत आलीच नाही. तिने सोडली की नाही मला कळलं नाही, पण माझ्यासारख्या बाईपासून लांब राहायचं हे तिने नक्की ठरवलं असणार. तेव्हापासून तो फोटो फाईलमधून गेला.

तर मी हिला आधी हिशेबच दुरुस्त करून दिला. गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, त्यातले पहिले दोन आठवडे गर्भ राहिलेलाच नसतो. म्हणजे पाच आठवडे, दोनशे ऐंशी. तिला हसू आलं आणि त्या हसण्यातच रडूही. 'काहीच झालं नसेल' असं मात्र मी म्हटलं नाही. ह्याच आठवड्यांत हृदय, हातपाय, ओठ आकार घेतात. गर्भपाताचा आणि दुभंगलेल्या ओठांचा धोका सिगारेटने काहीसा वाढतो. पण धोका वाढतो म्हणजे तसं घडतंच असं नाही, बहुतेकींच्या बाळांत ते दिसत नाही, आणि पुढच्या सोनोग्राफीत पाहायचं ते डॉक्टर पाहतीलच. बाळाचं वजन भरतं ते मुख्यतः नंतरच्या महिन्यांत. सिगारेट चालू राहिली तर सरासरी दोनशे ग्रॅमच्या आसपास वजन कमी भरतं, मुदतीआधी प्रसूती, वेळेआधीच वार सुटणं, जन्मानंतर झोपेतला अचानक मृत्यू, हे धोके वाढतात. ह्यातलं बरंच अजून तिच्या हातात होतं.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये पहिलटकरणींवर झालेला एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे अडीच हजार बायका होत्या. ज्यांनी पंधराव्या आठवड्याच्या आत सिगारेट पूर्ण सोडली, त्यांच्यात आपोआप होणारी अकाली प्रसूती आणि बाळ लहान राहणं यांचं प्रमाण न ओढणाऱ्यांइतकंच निघालं. हे मी तिला सांगितलं तेव्हा तिने पुन्हा फोन उचलला. पंधरा वजा आठ, सात. "सात आठवडे आहेत माझ्याकडे?" मी म्हटलं, "आहेत, पण ते वापरायला काढू नकोस." पंधरावा आठवडा ही काही सवलतीची मुदत नव्हे, आणि तो उलटून गेलेली बाई आली तरी मी तिला आजच सोड असंच सांगते. कार्बन मोनॉक्साइड एक-दोन दिवसांत रक्तातून निघून जातो. कुठल्याही महिन्यात.

बेत साधा होता. तिची सगळ्यात अवघड सिगारेट सकाळची, उठल्यावर दहा मिनिटांत, बाथरूमच्या खिडकीपाशी. उठल्यावर पहिली किती वेळात ओढते, ह्यावरून सवय किती मुरलीय ते कळतं. दहा मिनिटं म्हणजे बरीच. तेव्हा सकाळचा क्रमच उलटा केला: उशाशी ठेवलेलं कोरडं काहीतरी आधी खायचं, मग आंघोळ, आणि बाथरूमला दुसरं माणूस उठल्यावरच जायचं. कोरडं खायचं ते मळमळीसाठीही. रिकाम्या पोटी ढवळतं आणि तलफही त्याच सुमाराला येते. दोन्ही एकच वाटतात, आणि खाल्ल्यावर अर्धी 'तलफ' भूक निघते. उरलेली तलफ पाच-सात मिनिटांत ओसरते, ओढली काय अन् न ओढली काय. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट, दोन ते चार आठवड्यांत बरंचसं निवळतं.

निकोटिनच्या चघळायच्या गोळीचं तिने विचारलं. नवऱ्याने औषधाच्या दुकानातून गम आणून ठेवली होती. मी ती लगेच सुरू करू नको म्हटलं. गममध्ये धूर नाही, कार्बन मोनॉक्साइड नाही, म्हणून सिगारेटपेक्षा बरी. पण निकोटिन आहेच. गरोदरपणात आधी समुपदेशनावर प्रयत्न करायचा, तरीही जमलं नाही तर प्रसूतीतज्ज्ञांशी बोलून ठरवायचं. सिगारेट सोडण्यासाठीच्या व्हॅरेनिक्लिन, ब्युप्रोपियन ह्या गोळ्या गरोदर बाईला देत नाहीत. ई-सिगारेटला तर मी हातच लावू देत नाही.

अडचण अशी की प्रसूतीतज्ज्ञांना काही माहीतच नव्हतं. फॉर्मवर 'धूम्रपान' ह्या रकान्यात तिने 'नाही' लिहिलं होतं, नवरा शेजारी असूनही. ओढणारी बाई म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर काय येतं हे तिने पाहिलेलं होतं. मी आग्रह धरला नाही, फक्त सांगितलं की वाढ नीट होतेय का हे डॉक्टर वेगळ्या नजरेने पाहतील. तिसऱ्या भेटीनंतर तिने स्वतः सांगितलं. मला दाराबाहेर उभं राहायला लावून.

आणि नवरा. त्याच्यावर मी जरा चिडलेली होते हे कबूल करते. दुसऱ्या भेटीला तो आला, पण आत नाही, बाहेर फोनवर. बोलावल्यावर म्हणाला, "तिला सांगा ना, ती ऐकतच नाही कोणाचं." त्याच्या शर्टाचा वास माझ्यापर्यंत येत होता. त्या दिवशी यंत्रात तिने फुंकलं तर आकडा दोन आला, सहा दिवस एकही नाही. मग मी नळी बदलून यंत्र त्याच्यापुढे केलं. सतरा. तो काही बोलला नाही. त्याने सोडली नाही, आजही ओढतो. एवढंच मान्य केलं की पाकीट आणि लायटर घरात येणार नाहीत, घरात ओढणार नाही आणि आल्यावर कपडे बदलेल. मला हे अपुरं वाटलं. तेव्हा जे मिळालं ते मी घेतलं.

अकराव्या दिवशी ती घसरली. ऑफिसात वरिष्ठ सगळ्यांसमोर बोलले, जिन्यात एक सहकारी ओढत होता, त्याच्याकडून दोन झुरके. फेकून दिली. पण फोनवरच्या ॲपमध्ये खरं खरं भरल्यावर ॲपने मोजणी शून्यावर आणली. दुसऱ्या दिवशी तिने अख्खी ओढली. शून्यच आहे तर काय फरक पडतो. चार दिवस मला कळवलं नाही. फोन केला तेव्हा पहिलं वाक्य, "वाया घालवलं सगळं."

मी तिला ॲप काढून टाकायला सांगितलं आणि कागदावर लिहायला लावलं: पंधरा दिवस, त्यात एक सिगारेट आणि दोन झुरके. तिच्या जुन्या हिशेबाने एकशे वीस झाल्या असत्या. बाळाच्या रक्तापर्यंत ॲपचं शून्य पोचत नाही, त्या पंधरा दिवसांचा ऑक्सिजन पोचतो. मग आम्ही जिन्याबद्दल बोललो. तिने लिफ्ट वापरायची असं ठरलं, आणि त्या सहकाऱ्याला तिने सांगून टाकायचं की दिवस गेलेत. तिला ऑफिसात तिसरा महिना संपेपर्यंत सांगायचं नव्हतं. एकालाच सांगितलं. त्याने पुन्हा कधी पाकीट पुढे केलं नाही.

त्यानंतर ती घसरली नाही, निदान यंत्राला तरी दिसलं नाही. एकोणचाळिसाव्या आठवड्यात प्रसूती, बाळ दोन किलो नऊशे. ह्याचं श्रेय सिगारेट सोडण्याला द्यायचा मोह होतो, पण एका बाळावरून तसं म्हणता येत नाही. ओढत असूनही चांगल्या वजनाची बाळं होतात, आणि त्यांचीच उदाहरणं जो तो देतो.

बाळंतपणानंतर ती मला दहाव्या आठवड्यात भेटली, तेही मी दोनदा फोन केल्यावर. गरोदरपणात सोडलेल्यांपैकी पुष्कळजणी पहिल्या वर्षात परत सुरू करतात. 'बाळासाठी' सोडलेली असते, बाळ बाहेर आलं की कारण संपल्यासारखं वाटतं, वर जागरणं. तिने बाळाला खांद्यावर घेऊनच सांगितलं, एका रात्री तीन वाजता तिने नवऱ्याला उठवून मागितली होती. तो म्हणाला, घरात नाहीये. खाली जाऊन गाडीतून आणू का, असंही त्याने विचारलं.

"मग?"

"तो चप्पल घालेपर्यंत बाळ रडायला लागलं. नाहीतर ओढली असती, खरं सांगते."

पुढच्या महिन्याची तारीख मी लिहून दिली, आणि गाडीतलं पाकीट गाडीतही नको, हे नवऱ्याला सांगायला त्यालाच बरोबर आण म्हटलं.