लहान खाऱ्या पाण्याच्या टाकीला प्रोटीन स्किमर लावावा का?

तुमची टाकी ६० लिटरची आहे, तीत दोन क्लाउनफिश, एक गोबी मासा आणि झोअँथस व मश्रूम या जातींचे थोडे मऊ कोरल (प्रवाळ) आहेत, दर आठवड्याला तुम्ही ५ लिटर पाणी बदलता आणि तरीही नायट्रेट (माशांच्या घाणीतून शेवटी पाण्यात साचणारा क्षार) लिटरमागे २० मिलिग्रॅमच्या खाली येत नाही. म्हणून छोटा प्रोटीन स्किमर, म्हणजे पाण्यात हवेचे बारीक बुडबुडे सोडून घाण फेसाबरोबर वरच्या कपात गोळा करणारे यंत्र, घ्यावा का, असा तुमचा प्रश्न आहे. माझे उत्तर असे, की केवळ नायट्रेट उतरवण्यासाठी घेणार असाल तर थांबा, कारण ते काम बादलीभर नवीन पाणी अधिक चांगले करते. पाण्यात हवा नीट मिसळावी म्हणून घेणार असाल, तर मात्र जरूर घ्या. याच आकाराच्या टाकीवर मी सहा वर्षे स्किमर चालवत आहे आणि आज तो काढून टाकायला मी तयार होणार नाही, पण त्याचे कारण नायट्रेट हे नाही.

स्किमर नेमके काय उचलतो, हे आधी पाहू. माशांच्या अंगावरचा बुळबुळीत स्राव, विष्ठा आणि उरलेले खाद्य यांतून प्रथिने व स्निग्ध पदार्थ पाण्यात उतरतात. यांतल्या पुष्कळशा रेणूंचे एक टोक पाण्याला धरून राहते आणि दुसरे पाण्यापासून दूर जाऊ पाहते, त्यामुळे हवेचा बुडबुडा भेटताच असा रेणू त्याच्या पृष्ठभागावर चिकटतो आणि बुडबुड्याबरोबर वर चढतो. वर फेस साचतो, त्यातले पाणी खाली निथळते आणि घट्ट झालेला फेस नळीच्या गळ्यातून कपात पडतो. गोड्या पाण्यात बुडबुडे चटकन एकमेकांत मिसळून मोठे होतात, पण समुद्राच्या पाण्यातले क्षार ही मिसळण रोखतात. म्हणून खाऱ्या पाण्यात बुडबुडे बारीक राहतात आणि चांगल्या स्किमरचे पोट दुधासारखे पांढरे दिसते. नायट्रेट मात्र पूर्णपणे विरघळलेला क्षार आहे, तो बुडबुड्याला चिकटत नाही. ज्या पदार्थांपासून पुढे अमोनिया, मग नायट्राइट आणि शेवटी नायट्रेट होणार असते, त्यांतला काही भाग स्किमर आधीच बाहेर काढतो, इतकेच. तोही सगळा नव्हे. पेन स्टेट विद्यापीठातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक केन फेल्डमन यांनी २००९ च्या सुमारास वेगवेगळे स्किमर लावून पाण्यातील एकूण सेंद्रिय कार्बन मोजला, तेव्हा त्यांतील साधारण २० ते ३५ टक्केच भाग निघत असल्याचे दिसले.

आता तुमच्याच टाकीचा हिशेब करून पाहा. खडक आणि वाळू वजा जाता तीत सुमारे ५० लिटर पाणी असेल. नायट्रेट आठवड्याला २ ने वाढते असे धरले आणि तुम्ही दर वेळी दहावा हिस्सा पाणी बदलले, तर ते वाढत वाढत २० वर येऊन स्थिरावते, कारण त्या पातळीला बदललेल्या पाण्याबरोबर बरोबर २ निघून जातात. स्किमरने ती वाढ २ वरून दीडवर आणली, तर स्थिर पातळी १५ होईल. पण स्किमर न लावता ५ ऐवजी १० लिटर पाणी बदलले, तर तीच पातळी १० वर येते आणि शिवाय कॅल्शियम, मॅग्नेशियम व इतर सूक्ष्म घटकही भरून निघतात. मोठ्या टाकीत पाचवा हिस्सा पाणी बदलणे म्हणजे मिठाचा आणि श्रमांचा मोठा खर्च असतो, म्हणून तिथे स्किमर जवळजवळ अपरिहार्य ठरतो. तुमच्या टाकीला एक बादली पुरते. फ्रोझन खाद्य देत असाल तर ते वितळवून बारीक गाळणीत धुऊन मगच घाला, त्याचाही फरक पडतो.

मग मी स्किमर का ठेवला आहे? २५ अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात दर लिटरमागे जास्तीत जास्त सुमारे ८.२ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर समुद्राच्या पाण्यात पावणेसात मिलिग्रॅमच्या आसपास. पाणी तापले की तो आणखी कमी होतो. दिवे मालवल्यावर शैवालाचे प्रकाशसंश्लेषण थांबते, पण मासे, कोरल आणि खडकातले जिवाणू रात्रभर श्वसन करतच राहतात. लहान टाकीत साठाच थोडा असल्यामुळे पहाटेपर्यंत प्राणवायू आणि पीएच दोन्ही उतरतात. हजारो बारीक बुडबुड्यांतून पाणी फिरवणारा स्किमर ही उतरण बरीच आटोक्यात ठेवतो. माझ्या टाकीवर काचेचे झाकण आहे आणि स्किमर बसवण्यापूर्वी सकाळी दिवा लावण्याआधी गोबी पृष्ठभागाशी येऊन भरभर कल्ले हलवताना दिसत असे. स्किमर आल्यापासून तो सकाळी वाळूवरच असतो. खोली दिवसभर बंद राहत असेल, तर स्किमरची हवेची नळी खिडकीबाहेर सोडा. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड कमी असल्याने पीएच थोडा वर राहतो.

घ्यायचे ठरवलेत, तर काही गोष्टी पहिल्या दिवसापासून सांभाळाव्या लागतील. नवा स्किमर व्हिनेगर घातलेल्या पाण्यात काही तास चालवून धुवा, कारण नव्या प्लॅस्टिकवर तेलकट अंश असतो. तरीही पहिले काही दिवस, क्वचित दोन आठवडे, फेस नीट धरत नाही, तेवढ्यावरून यंत्र बिघडले असे समजू नका. टाकीत हात घालून काम केल्यावर किंवा तेलकट खाद्य दिल्यावरही फेस काही तास बसतो आणि आपोआप परत येतो. कपाचा गळा आतून दर दोन-तीन दिवसांनी पुसा. तिथे तपकिरी, चिकट थर जमला की वर येणारा फेस त्यालाच लागून फुटतो आणि कप कोरडा राहतो. माझ्या अनुभवात यंत्र बदलण्याने जे साधले नाही, ते या एका पुसण्याने साधले.

सर्वांत जास्त काळजी खारटपणाची घ्या. कपात पडते ते खारे पाणी असते आणि त्याची जागा भरते ते गोडे पाणी. एकदा निसटलेला कोरल खडकाला चिकटवण्यासाठी मी रात्री इपॉक्सी पुट्टी वापरली आणि स्किमर चालूच ठेवला. पुट्टीमुळे फेस अनावर झाला, कपाची नळी बादलीत सोडलेली होती आणि पाणी कमी होईल तसे ऑटो टॉप-अप, म्हणजे पातळी उतरली की आपोआप पाणी भरणारे उपकरण, गोडे पाणी भरत राहिले. सकाळी बादलीत जवळजवळ ६ लिटर फिकट पिवळे पाणी होते आणि रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजणारे उपकरण) हजारी ३५ ऐवजी ३१ दाखवत होता. झोअँथस मिटलेले होते. खारटपणा एकदम वर नेणेही घातक असल्यामुळे तो मी तीन दिवसांत थोडा थोडा वाढवला. तेव्हापासून कपाची नळी बंद आहे; कप भरला तर पाणी टाकीतच परत पडते. पुट्टी, औषध किंवा पाण्यातले जड धातू बांधणारे द्रावण वापरायचे असेल, तर स्किमर निदान एक दिवस बंद ठेवा आणि त्या काळात पृष्ठभाग हलता राहील असा पंपाचा झोत वर वळवा.

याच कारणासाठी लहान टाकीत कप थोडा उंच ठेवून दाट, काळसर चहासारखा द्रव काढावा. पातळ, फिकट द्रवाबरोबर मीठ फार जाते. बाष्पीभवनाने पाणी बोटभर उतरले तरी फेसाची उंची बदलते, म्हणून पाण्याची पातळी रोज एकाच खुणेवर आणा. नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर नेण्याचा आग्रह धरू नका. तुमच्या टाकीतल्यासारख्या मऊ कोरलांना थोडे पोषण पाण्यातूनच लागते, ते संपले की त्यांचा रंग उडतो आणि अशाच पोषण संपलेल्या पाण्यात डायनोफ्लॅजेलेट्स या सूक्ष्म एकपेशीय जीवांचा तपकिरी, बुडबुडे धरलेला थर वाळूवर पसरू शकतो. माझ्या टाकीत नायट्रेट ५ ते १० च्या दरम्यान असते आणि तिथे सगळे उघडलेले राहते. ते ५ च्या खाली गेले, तर मी स्किमर फक्त रात्री चालवतो.

लाकडी एअरस्टोनचा (हवा ज्यातून बुडबुडे होऊन निघते त्या सच्छिद्र लाकडी तुकड्याचा) स्किमर घेतलात, तर तो लाकडी तुकडा काही आठवड्यांत बुजतो आणि बुडबुडे मोठे होऊ लागतात, तेव्हा तो लगेच बदला. पंपाचा स्किमर असेल, तर हवेच्या नळीच्या तोंडाशी मिठाचे खडे जमतात. आवाज बदलला आणि पोटातला पांढरेपणा विरळ झाला, की नळीतून कोमट गोडे पाणी ओढून घ्या; बहुतेक वेळा अर्ध्या मिनिटात पोट पुन्हा पांढरे होते.