गॅसचा वास आला की आधी बटणावरचा हात काढा

प्रश्न: रात्री किचनमध्ये गॅसचा वास आला म्हणून एक्झॉस्ट फॅन लावला, सासूबाई ओरडल्या. माझं काय चुकलं?

सासूबाईंचं बरोबर आहे. एलपीजी हवेपेक्षा जवळपास दीड ते दोन पट जड असतो, त्यामुळे तो वर न जाता पाण्यासारखा खाली वाहतो, ओट्याखालच्या ट्रॉलीत, फ्रिजच्या मागे, दाराच्या फटीतून हॉलमध्ये. हवेत त्याचं प्रमाण साधारण 2 ते 9 टक्के झालं की एक ठिणगी पुरते, आणि बटण दाबताना आत ठिणगी पडतेच, चालू करा नाहीतर बंद करा. फ्रिज आपोआप चालू होतो तेव्हासुद्धा पडू शकते. मी बावीस वर्षं अग्निशमन दलात काढली, एका घरात भिंतीवरची कॅलेंडरं जशीच्या तशी आणि ओट्याखालची दारं मात्र उखडून समोरच्या भिंतीवर, असं बघितलंय. गॅस कुठे साठला होता ते दारांवरूनच कळत होतं. म्हणून आधी रेग्युलेटर बंद, मग दारं-खिडक्या उघडा, दार आधी कारण गॅस जमिनीलगत आहे, सगळ्यांना घेऊन बाहेर या आणि फोन बाहेर येऊनच करा, एलपीजी गळतीच्या 1906 ह्या हेल्पलाइनवर. पाइपलाइनचा गॅस असेल तर तो मिथेन, हलका, तो वर छताला साठतो, पण बटणांचा नियम तोच.

प्रश्न: बाथरूममध्ये गॅस गिझर आहे, मुलगा आंघोळ करून आला की डोकं दुखतं म्हणतो. पित्त असेल का?

ताई, आजपासून तो गिझर बंद ठेवा आणि मुलाला डॉक्टरांना दाखवा, गिझरचंही सांगा. हवेत ऑक्सिजन 21 टक्के, बाकी बहुतेक नायट्रोजन. दार-खिडकी लावलेल्या छोट्या बाथरूममध्ये गिझरची ज्योत तो ऑक्सिजन संपवत जाते, मग गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. ह्याला ना वास ना रंग, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटीहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, पाय गळतात, आणि कडी आतून लावलेली असते. गिझर बाथरूमच्या बाहेर मोकळ्या हवेत बसवून घ्या, आत फक्त पाण्याचा पाइप. थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपणाऱ्यांनाही हेच सांगेन.

प्रश्न: आजोबांना घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लावलाय. त्याच खोलीत देवघर आहे, निरांजन चालेल का?

नाही चालणार. देव काही दिवस दुसऱ्या खोलीत ठेवा, आजोबांना समजावून सांगा, ते ऐकतील. ऑक्सिजन स्वतः जळत नाही पण जळणाऱ्याला भडकवतो. 27 जानेवारी 1967 ला अमेरिकेत अपोलो 1 च्या यानात जमिनीवरच्या चाचणीत आग लागली, आत शुद्ध ऑक्सिजन भरलेला होता, तिघे अंतराळवीर काही क्षणांत गेले. तुमच्याकडे नळीतून येणारा ऑक्सिजन उशी, चादर, केस, दाढी सगळ्यात मुरतो आणि मशीन बंद केल्यावरही थोडा वेळ तिथेच राहतो. उदबत्ती, विडी, काडी काहीच नको. नाक कोरडं पडतं म्हणून व्हॅसलिन लावता ना, तेही बंद, पाण्याच्या बेसचं मलम डॉक्टरांकडून लिहून घ्या.

प्रश्न: कढईतल्या तेलाने पेट घेतला तर?

गॅस बंद, वर झाकण किंवा परात, हवा तुटली की विझतं. गार होईपर्यंत झाकण उचलू नका, कढई उचलून पळू नका आणि पाणी तर अजिबात नाही, पाण्याची क्षणात वाफ होते आणि पेटलेलं तेल अंगावर उडतं.

प्रश्न: भाजल्यावर आई टूथपेस्ट लावते, मी बर्फ लावतो. बरोबर कोण?

दोघंही नाही. नळाचं साधं वाहतं पाणी, 20 मिनिटं, घड्याळ लावून. लगेच जमलं नाही तरी पहिल्या तीन तासांत केलं तर उपयोग होतो. ज्योत विझली तरी कातडीच्या आत उष्णता भाजतच राहते, ती पाण्याने निघते, बर्फाने उलट कातडी आणखी खराब होते. सूज यायच्या आत बांगड्या-अंगठ्या काढा, चिकटलेला कपडा ओढू नका, फोड फोडू नका, स्वच्छ कपड्याने सैलसर झाका. चेहरा, हात, सांधे भाजले किंवा तळहातापेक्षा मोठी जागा असेल तर सरळ हॉस्पिटल. आणि आईंना एवढं सांगा की टूथपेस्ट, हळद, तूप जे काही थापलं असेल ते तिथे गेल्यावर आधी पुसून काढावं लागतं, भाजल्यापेक्षा त्या पुसण्याने रडणारी लहान मुलं मी खूप बघितलीत.