मूळ गाणा खंय गेला?

प्रश्न : आमचा मुलगा मुंबईत सॅक्सोफोन शिकतो. यंदा गणपतीत आरती झाल्यावर त्याने जुन्या हिंदी सिनेमातलं एक गाणं वाजवलं. पहिल्या दोन ओळी ओळखू आल्या, पुढे सगळं भलतंच. सासरे म्हणाले, "मूळ गाणा खंय गेला?" आणि उठून पडवीत जाऊन बसले. मुलगा म्हणतो, जॅझ असंच असतं. दुसऱ्याचं तयार गाणं घेऊन मोडायचं, यात कसली कला? आणि असं रेकॉर्ड करून विकता येतं का?
— एक वाचक, देवगड

उत्तर : ताई, तुमच्या सासऱ्यांचा प्रश्न मीही एकदा विचारलाय. वेंगुर्ल्याकडे लग्नाच्या बँडमध्ये मी बत्तीस वर्षं क्लॅरिनेट वाजवलं. वरातीत गाणं जसंच्या तसं लागतं. एक जागा चुकली की नाचणारी पोरं वळून बघतात. गणपतीच्या मिरवणुकीत पावसाने रीड (क्लॅरिनेटच्या तोंडाची वेताची पट्टी) फुगलं तरी चाल सुटता कामा नये. तेव्हा हुबेहूब वाजवणं हलकं काम आहे, असं मी तरी म्हणणार नाही.

आमचे मास्तर गोव्याचे. त्यांनी एकदा अमेरिकन सॅक्सोफोनवादक कोलमन हॉकिन्सचं 'बॉडी अँड सोल' ऐकवलं, 1939 सालचं. मी म्हटलं, "मास्तर, चाल खंय?" ते म्हणाले, "वरची चाल सोड, खालचे कॉर्ड मोज." कॉर्ड म्हणजे चालीखाली एकत्र वाजणारे सूर. मोजले. मुखडा, पुन्हा मुखडा, अंतरा, परत मुखडा, प्रत्येकी आठ बार, बार म्हणजे चार मात्रांचा एक तुकडा. बत्तीस बारांचं एक आवर्तन. हॉकिन्स सुरुवातीला मूळ चाल जेमतेम दाखवतो आणि निघतो. पण पियानो आणि बास खाली तेच आवर्तन फिरवत असतात. आपण मनात मूळ गाणं गुणगुणत राहिलो, तर तो आणि आपण बरोबर एकाच जागी येऊन पोचतो. मला हे कळायला सात-आठ वेळा ऐकावं लागलं.

आपल्याकडे हे नवीन नाही. डबलबारीत, म्हणजे भजनाच्या सामन्यात, बुवा सिनेमाची चाल उचलतात आणि तिच्यावर गजर बसवतात. म्हणजे चाल तीच, शब्द दुसरे. तेव्हा तुमचे सासरे पहिल्या रांगेत बसून मान डोलावत असणार! 'कट्यार काळजात घुसली'मध्ये अभिषेकीबुवांनी 'घेई छंद मकरंद' दोन वेगळ्या चालींत बांधलं. तिथे शब्द तेच, चाल दुसरी. जॅझवाला शब्द आणि चाल दोन्ही सोडतो, कॉर्डांचा सांगाडा तेवढा ठेवतो.

सांगाडाही कमी करणारे आहेत. जॉन कोल्ट्रेन या अमेरिकन सॅक्सोफोनवादकाने 1960 मध्ये 'माय फेवरिट थिंग्ज' वाजवलं. गाणं न्यूयॉर्कच्या नाटकातलं, तेव्हा जेमतेम वर्षभराचं. त्यावरून निघालेला गाजलेला सिनेमा पुढे 1965 मध्ये आला. कोल्ट्रेनने ते तेरा मिनिटांवर नेलं. तीन-तीन मात्रांच्या झुलत्या लयीत पियानो एक-दोन कॉर्डांवरच ठाण मांडून बसतो आणि वर सोप्रानो सॅक्सोफोन फिरत राहतो. तानपुऱ्याची सवय असलेल्या कानाला ते परकं वाटत नाही. (रविशंकरांवर कोल्ट्रेनचा इतका जीव, की मुलाचं नाव रवी ठेवलं.) मधूनमधून तो मूळ चालीवर परत येतो. सासऱ्यांना ऐकवायचं तर आधी हे ऐकवा, हॉकिन्स नंतर.

सगळंच चांगलं असतं असं मात्र नाही. हॉटेलात कुठलंही गाणं संथ करून, ड्रमवर ब्रश फिरवून 'जॅझ' म्हणून वाढतात, ते सोलकढीत पाणी घातल्यासारखं. गाणं बदललेलं असतं, पण वाजवणाऱ्याला त्यातून काही सुचलेलं नसतं.

आणि जुन्या हिंदी गाण्यांचं म्हणाल, तर त्यांच्यात जॅझ आधीपासूनच मुरलेलं आहे. आल्दोनचा चिक चॉकलेट मुंबईच्या हॉटेलांत ट्रम्पेटवर जॅझ वाजवायचा आणि सी. रामचंद्रांच्या गाण्यांनाही साथ करायचा. अशी कितीतरी गोवेकर मंडळी त्या वाद्यवृंदांत होती. तुमच्या मुलाने गाणं बाटवलं म्हणू नका, चार दिवस माहेरी नेलं म्हणा.

घरात वाजवायला कोण अडवतंय? विकायचं असेल तर कायदा आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 2012 मध्ये दुरुस्ती झाली. मूळ ध्वनिमुद्रण ज्या वर्षी झालं, ते वर्ष संपल्यावर पाच वर्षं गेली, की मालकाला आधी कळवून आणि रॉयल्टी आगाऊ भरून कव्हर, म्हणजे त्याच गाण्याचं नवं ध्वनिमुद्रण, काढता येतं. रॉयल्टी किमान पन्नास हजार प्रतींची. पण त्या वाटेने गेलं तर तांत्रिक गरजेपलीकडे गाण्यात बदल करता येत नाही. जॅझमध्ये बदल हाच धंदा, म्हणून मालकाची थेट परवानगी काढलेली बरी.

बाकी मुलाची परीक्षा सोपी आहे. तेच गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत साधं, एकही हरकत न घेता वाजव म्हणावं. अडखळला, तर सासरे बरोबर. नाही अडखळला, तर लगेच दुसऱ्यांदा त्याच्या पद्धतीने वाजवू दे आणि सासऱ्यांना मूळ गाणं मनात म्हणत बोटांवर आठ-आठ मोजायला सांगा. पडवीतच वाजवू दे, म्हणजे त्यांना उठून जायला नको.