भूकंप-पुरात अणुवीज केंद्राला फटका बसला, तर ते सांभाळतात कसं? बंद करून टाकलं की झालं ना?

तुम्ही नवापूरचे. काकरापारचं केंद्र गुजरातेत असलं तरी तुम्हाला फार लांब नाही, म्हणून विचारताय की मोठी आपत्ती आली आणि केंद्र लगेच बंद केलं, तर धोका संपतो का.

नाही. खरं काम बंद केल्यावरच सुरू होतं.

मी अणुकेंद्रातला माणूस नाही. भुसावळकडे कोळशाच्या वीज केंद्रात टर्बाइनवर नोकरी झाली. एका पावसाळ्यात रात्री केबलच्या बोगद्यात पाणी शिरलं आणि अख्खं केंद्र काळोखात गेलं. टर्बाइन मिनिटाला तीन हजार फेऱ्यांनी फिरत होतं. ते थांबेपर्यंत बेअरिंगला तेल मिळायलाच हवं आणि तो पंप फक्त बॅटरीवर. आम्ही टॉर्च लावून पाऊण तास त्या पंपाचा आवाज ऐकत बसलो. दुसऱ्या दिवशी बॉयलरखाली उतरताना धुळ्याकडचा आमचा फिटर म्हणाला, "राख आजून तपेल शे, भाऊ."

पण कोळशाची राख निवत जाते. भरताची वांगी भाजलेल्या काड्यांचा निखारा सकाळी थंड असतोच. अणुइंधन मात्र अणू फुटण्याची साखळी प्रक्रिया थांबली तरी आतून नवी उष्णता काढत राहतं. बंद केल्या क्षणी पूर्ण उष्णतेच्या ६-७ टक्के, तासाभराने दीड टक्क्याच्या आसपास, दिवसाने अर्धा टक्का. अर्धा टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. जपानमधल्या फुकुशिमा अणुकेंद्राच्या दुसऱ्या युनिटची पूर्ण उष्णता २३८१ मेगावॅट, म्हणजे एका दिवसानंतरही १२ मेगावॅट. माझ्या हिशोबाने एवढ्याने तासाला साधारण १६ हजार लिटर पाण्याची वाफ होते. आपल्याकडच्या भाषेत, दर तासाला दीड टँकर, एकाच युनिटला, रात्रंदिवस. टँकर चुकला तर इंधन उघडं पडतं, त्यावरचं झिर्कोनियम धातूचं कवच वाफेशी भिडून हायड्रोजन तयार करतं आणि शेवटी सगळं वितळतं.

११ मार्च २०११ ला तिथे भूकंप झाला तेव्हा चालू असलेली तिन्ही युनिटं आपोआप बंद पडली. बाहेरची वीज गेली, डिझेल जनरेटर सुरू झाले. इथपर्यंत सगळं पुस्तकाप्रमाणे. पाऊण-एक तासाने त्सुनामी आली. आराखड्यात धरलेली लाट ५.७ मीटरची होती, आलेली १४-१५ मीटरची. बहुतेक जनरेटर आणि विजेची पॅनेलं तळघरात, ती बुडाली. सहाव्या युनिटचं हवेने थंड होणारं एक डिझेल वरच्या पातळीवर होतं. ते वाचलं आणि त्याच्या जोरावर पाचवं-सहावं युनिट वाचलं. मला विचाराल तर सगळ्या अपघाताचा अर्थ त्या एका डिझेलमध्ये आहे.

पुढचं काम म्हणजे निव्वळ जुगाड, आणि हे मी आदराने म्हणतोय. मीटर वाचायला लोकांनी गाड्यांच्या बॅटऱ्या काढून जोडल्या. अग्निशमन बंबाने पाणी मारायचं, पण बंबाचा दाब रिॲक्टरच्या दाबापुढे टिकत नाही. आधी व्हॉल्व्ह उघडून आतला दाब उतरवायचा, आणि त्या व्हॉल्व्हला १२० व्होल्ट हवे, म्हणून बारा व्होल्टच्या दहा बॅटऱ्या एकापुढे एक. गोडं पाणी संपल्यावर समुद्राचं घातलं. केंद्रप्रमुख मासाओ योशिदांना मुख्यालयातून ते थांबवायला सांगितलं गेलं. त्यांनी वरवर हो म्हटलं आणि पाणी चालू ठेवलं. तरीही तीन युनिटांतलं इंधन वितळलं आणि १२ ते १५ मार्चदरम्यान पहिल्या, तिसऱ्या व चौथ्या इमारतीत हायड्रोजनचे स्फोट झाले. बंबाचं बरंचसं पाणी भलत्याच पाइपांत जात होतं, हे मागाहून कळलं. ज्याने शेतात जुन्या पाइपलाइनला पाणी सोडलंय त्याला याचं नवल वाटणार नाही.

नंतरची चौदा-पंधरा वर्षं उलटी कसरत. आधी पाणी मिळत नव्हतं, आता ते आवरत नाही. इंधनाला लागलेलं पाणी किरणोत्सारी होतं, वर डोंगराकडून भूजल तळघरांत झिरपतं. सुरुवातीला रोज ४०० टनांच्या आसपास भर पडायची. ती कमी करायला इमारतींभोवती जमीन गोठवून बर्फाची भिंत केली. पाणी गाळून हजाराहून जास्त टाक्यांत साठवलं. गाळूनही ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, निघत नाही, म्हणून ते पाणी खूप पातळ करून २४ ऑगस्ट २०२३ पासून समुद्रात सोडताहेत. वितळून थिजलेल्या इंधनाचा ढीग अंदाजे ८८० टन आहे. त्यातला पहिला नमुना नोव्हेंबर २०२४ मध्ये निघाला, एक ग्रॅमही नव्हता.

आता तुमचं काकरापार. तिथे त्सुनामी नाही, पण पाणी आहे. आपलीच तापी उकाईवरून तिकडे जाते, आणि जून १९९४ च्या अतिवृष्टीत शेजारच्या तलावाचं पाणी टर्बाइन इमारतीत शिरलं होतं. तेव्हा युनिट बंद होतं. दुसरी बाजूही सांगतो. १९९३ मध्ये उत्तर प्रदेशातल्या नरोरा अणुकेंद्रात आग लागून ते १७ तास विजेविना होतं. तेव्हा डिझेलवर चालणाऱ्या आगीच्या पंपाने स्टीम जनरेटरमध्ये, म्हणजे रिॲक्टरच्या उष्णतेने वाफ करणाऱ्या टाकीत, पाणी देऊन रिॲक्टर थंड ठेवला. काकरापारचीही रचना त्याच जातीची आहे. फुकुशिमानंतर आपल्या केंद्रांत बाहेरून बंब जोडायला जागा करून ठेवल्या आहेत.

कधी तिथल्या कुणा अभियंत्याशी बोलायची संधी मिळाली, तर किरणोत्साराचं नंतर विचारा. आधी डिझेल जनरेटर कुठल्या उंचीवर आहेत ते विचारा, आणि बंबाची जोडणी शेवटची कधी करून पाहिली, तेही.