ओल्ड फेथफुलसाठी 45 मिनिटं? तो कार्यक्रम बदलून घ्या

गुहागरच्या ताईंनी विचारलंय की आंब्याचा हंगाम आटोपला की जूनमध्ये आई-बाबांना अमेरिकेला न्यायचंय, बाबांना तिथल्या यलोस्टोन राष्ट्रीय पार्कमधलं ओल्ड फेथफुल गायझर (जमिनीतून मधूनमधून उसळणारा गरम पाण्याचा फवारा) उडताना बघायचंय, आणि सहल कंपनीच्या कागदावर त्या जागी '45 मिनिटे' लिहिलंय. एवढा वेळ पुरेल का?

ताई, नाही पुरणार. तुमचा कागद वाचला आणि हात थरथरले, कारण अगदी असाच कागद आमच्याही घरात आला होता. व्हिसा, विमा, तिकीट यावर मी काही लिहीत नाही, ते तुम्ही केलंच असेल. त्या 45 मिनिटांबद्दल मात्र सविस्तर लिहितो.

आम्ही संगमेश्वर तालुक्यातले. तुरळ, राजवाडीची गरम पाण्याची कुंडं आमच्या रोजच्या वाटेवरची. अण्णा, म्हणजे माझे वडील, शाळेत भूगोल शिकवायचे. गायझर कसं उडतं याची आकृती त्यांनी निवृत्त होईपर्यंत दरवर्षी फळ्यावर काढली, पण प्रत्यक्ष कधी पाहिलं नव्हतं. म्हणून सगळ्या सहलीत आमच्यासाठी मोलाची जागा ती एकच होती, आणि पैसे भरताना हे कार्यालयात स्पष्ट सांगितलं होतं. "काळजीच करू नका, तिथे तर ठरल्या वेळेला उडतं," असं उत्तर मिळालं.

ठरल्या वेळेला उडत नाही. दोन उद्रेकांमधलं अंतर हल्ली साधारण दीड तासाचं असतं, पण ते तासाभरापासून पावणेदोन तासांपेक्षा जास्तही होऊ शकतं. आधीचा उद्रेक किती वेळ चालला यावरून पुढचा अंदाज काढतात. छोटा उद्रेक झाला तर जमिनीखालच्या नळीत गरम पाणी बरंच उरतं, म्हणून पुढचा लवकर. मोठा झाला की उशिरा. हा अंदाज दहा मिनिटं मागेपुढे धरायचा आणि तो फक्त पुढच्या एकाच उद्रेकाचा असतो. म्हणजे चिपळुणातल्या टेबलावर बसून, महिनाभर आधी, 'दुपारी 2.15 ते 3.00' असं जगातला कुणीही लिहू शकत नाही. त्यांनी ते छापून दिलं.

आमचा मुक्काम पार्कबाहेर, लांब ठेवला होता. त्या रस्त्यांवर वेगमर्यादा बहुतेक ठिकाणी ताशी 72 किलोमीटरच्या आसपास, आणि मध्ये बायसनचा (गव्यासारख्या रानटी जनावरांचा) कळप रस्त्यावर आला की सगळी वाहनं जागच्या जागी. आम्ही पोचलो तेव्हा उद्रेक नुकताच संपला होता. तिथल्या पर्यटक केंद्रातल्या फलकावर पुढची वेळ जवळपास दीड तासानंतरची. बस पाऊण तासात निघणार. मार्गदर्शक मुलाला बोल लावत नाही, त्याच्या हातात काही नव्हतं. चालकाच्या कामाच्या तासांचा कायदा तिकडे कडक आहे. आम्ही हात जोडले, इतर प्रवाशांनाही विचारलं, काहींना पुढच्या खरेदीची घाई होती. अण्णा बाकावर बसून नुसती वाफ बघत होते. नंतर बसमध्ये चढले.

परत आल्यावर कार्यालयाला पत्र लिहिलं. उत्तर आलं: स्थळदर्शन झालेलं आहे, परतावा बसत नाही, पुढच्या सहलीला सवलत देऊ. अण्णांच्या वयाला आणि गुडघ्यांना पुढची सहल कुठून आणायची? त्यांच्या माहितीपत्रकावर तर स्टीमबोट गायझरचा फोटो होता. ते जगातलं सर्वात उंच उडणारं, 90 मीटरच्या वर जाणारं. पण त्याचा अंदाजच देता येत नाही, 1911 ते 1961 अशी पन्नास वर्षं त्याचा मोठा उद्रेक झाला नव्हता. असा फोटो दाखवून पैसे घेणं मला आजही अप्रामाणिक वाटतं.

आता तुमच्याबद्दल. माझं ठाम मत, पटलं तर घ्या: ओल्ड फेथफुलच्या परिसरात किमान साडेतीन-चार तास लेखी मागा. शक्य असेल तर एक रात्र पार्कच्या आतच काढा. आतल्या खोल्या वर्षभर आधीपासून भरायला लागतात, पण रद्द झालेल्या मधूनमधून मिळतात, रोज बघत राहावं लागतं. त्यासाठी कार्यक्रमातलं एखादं मोठं शहर गाळावं लागलं तरी गाळा. पोचल्यावर आधी फलक बघा, मग जेवण, स्वच्छतागृह वगैरे. उद्रेक दीड ते पाच मिनिटांचा, पाणी 32 ते 56 मीटर उंच जातं. समोर बाकं आहेत, वाट पक्की आहे, बाबांना त्रास होणार नाही. मधल्या वेळात त्याच सपाट वाटेने कॅसल गायझरकडे जाता येईल. ग्रँड किंवा नदीवर तिरपं उडणारं रिव्हरसाइड यांच्या अंदाजाची वेळ जुळली तर सोडू नका. पार्क सेवेचं अ‍ॅप घरूनच उतरवून घ्या, आत नेटवर्क जवळपास नसतं.

आई-बाबांना एक गोष्ट इथूनच नीट समजावून न्या. आपल्याकडची कुंडं वेगळी. सह्याद्रीच्या पायथ्याशी पावसाचं पाणी भेगांतून खोल जातं, तापतं आणि वर येतं. खाली लाव्हारस नाही. उन्हवऱ्याचं पाणी आपल्यात फार गरम, तेही सुमारे 70 अंश. यलोस्टोनला खाली ज्वालामुखीची धग आहे, शिवाय खडकातली सिलिका (वाळूत असतं ते खनिज) साचून नळ्या अरुंद आणि घट्ट झाल्यात. दाबामुळे खोलवरचं पाणी उकळबिंदूच्या वर जाऊनही उकळत नाही. वरचं थोडं सांडलं, दाब उतरला, की झाकण उडालेल्या कुकरसारखं सगळं एकदम बाहेर. अण्णांचीच ही समजावण्याची पद्धत.

म्हणून तिथे पाय बुडवायचे नाहीत, लाकडी पायवाट सोडायची नाही. जमिनीचा पापुद्रा पातळ असतो. 2016च्या जूनमध्ये नॉरिस भागात पायवाट सोडलेल्या तरुणाचा गरम झऱ्यात पडून जीव गेला. नाणं किंवा फूलही टाकायचं नाही. लोकांनी टाकलेल्या नाण्यांनी आणि कचऱ्याने मॉर्निंग ग्लोरी कुंडाचं तोंड बुजत गेलं आणि त्याचा निळा रंग बिघडला. आपल्या आयांचा हात कुंड दिसलं की आपोआप नाण्याकडे जातो, म्हणून लिहिलं.

जून चांगला, पण पहाटे कडाक्याची थंडी, क्वचित बर्फही. ही जागा समुद्रसपाटीपासून 2,200 मीटरच्या वर आहे, चार पावलांत दम लागतो. बाबांना रक्तदाब असेल तर डॉक्टरांना विचारा, मी डॉक्टर नाही. पाणी 93 अंशांनाच उकळतं, म्हणून खोलीवर भात करणार असाल तर जास्त वेळ धरा. प्रवेशशुल्क आणि नियम बदलतात, पार्कच्या अधिकृत संकेतस्थळावर स्वतः वाचा.

दुसरा हप्ता अजून भरला नसेल तर थांबवा. कंपनीला लिहा की उद्रेक दिसेपर्यंत बस थांबेल असं लेखी हवं. नुसत्या फोनवरच्या आश्वासनावर पैसे देऊ नका. नाही म्हणाले तर स्वतंत्र जा. कार्यक्रम आखायला मी मदत करतो, तारखा कळवा.