ज्वारीच्या बांधावर बसा

पक्षी बघायला नुकतीच सुरुवात केली असेल, तर पहिल्याच हिवाळ्यात धरणाच्या गर्दीत शिरू नका. सासवड-जेजुरीकडे माळाला लागून रब्बी ज्वारीची शेतं आहेत, ती गाठा. मालकाला विचारून, उजाडायच्या आत बांधावर जाऊन बसा आणि हलू नका. कणसं भरली की काळ्या डोक्याच्या भारीटांचे, म्हणजे दाणे टिपणाऱ्या चिमणीसारख्या पाखरांचे, थवे उतरतात. थंडीच्या सुरुवातीला नराच्या डोक्यावरचं काळं पिसांच्या फिक्या कडांखाली झाकलेलं असतं. कडा झिजल्या की ते उघडं पडतं. माद्या ओळखायला अवघड, पण त्यांच्यावर वेळ घालवाच. हरभऱ्यात रानगप्पीदास हा छोटा पक्षी बघा: शेंड्यावरून खाली झेप, किडा उचलला की पुन्हा शेंड्यावर.

पिंगळा जुन्या बाभळीच्या ढोलीपाशी ऊन खात बसलेला सापडेल. शृंगी घुबडाची जागा ओढ्याच्या दरडीत. तिथे मी एकदा घुबडाने ओकून टाकलेली, खाली पडलेली करडी गोळी फोडली, तर आत उंदराची कवटी, नारिंगी दातांसकट! घुबडाला अशुभ मानणाऱ्या शेतकऱ्याला ती दाखवा, भाषण नको. याच दिवसांत ते अंडी घालतं, म्हणून दरडीजवळ जायचं नाही, बॅटरी मारायची नाही, मोबाइलवर आवाज वाजवायचा नाही. आणि घरट्याचा ठिकाणा फोटोखाली अजिबात लिहू नका.